कुळगाव आणि शेजारची गावं

मागच्या वेळी आपण अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबलो होतो. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ मिळतो. उल्हासनगरलाही जन्मतारीख आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हास नदीचं नाव मिळालं. आज त्याच नदीच्या काठानं थोडं वर जाऊ, कुळगावला.

कुळगाव म्हटलं की बाहेरचा माणूस विचारतो, हे कुठं आलं? अहो, तुम्ही लोकलमधून उतरता तेच! १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली. पुढं इथं स्टेशन झालं ते कुळगावच्या जमिनीवर, पण पाटी लागली बदलापूरची. मूळ बदलापूर गाव पश्चिमेला, स्टेशनापासून बरंच दूर. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं लोक सांगतात. ती लोककथा म्हणूनच घ्यावी. कुळगावचं नाव उरलं ते कागदावर: सातबाऱ्यावर आणि 'कुळगाव-बदलापूर नगरपरिषद' या जोडनावात.

कात्रप, बेलवली, मांजर्ली ही शेजारची गावं आता रिक्षाचे थांबे झाली आहेत. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. एवढ्या माणसांत शीव कुठली, ते कोण सांगणार? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा हा प्रश्न आमच्या पद्धतीनं मांडतो. गाव एकटं नसतं. शीव दोन गावांची मिळून असते. शेजारी गेला की आपली ओळखही पुसट होते.

आणि नाव पुसलं की माहितीही जाते, बरं का. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. बातम्यांत 'बदलापूर-वांगणी दरम्यान' एवढंच आलं. त्या 'दरम्यान'मध्ये चामटोलीसारखी गावं आहेत. मदतीला आसपासचे गावकरीही धावले. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, २००५च्या २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं? त्या शेताला, त्या ओढ्याला काय म्हणत? वहीत लिहून ठेवा. तिथं उद्या कुणीतरी घर घेणार आहे.