‘शाकाहार’ ही संज्ञा आणि हवामानाचा हिशेब

मांसवर्जनाची कल्पना फार प्राचीन असली, तरी त्या वर्जनामागील कारणे सर्व काळी एकच होती असे म्हणता येत नाही. कारणे बदलली, की संज्ञांच्या अर्थकक्षाही बदलतात; पण बहुधा त्या मागाहून बदलतात आणि मधल्या काळात जुनी संज्ञा नव्या विचारास अपुरी पडते. ‘शाकाहार’ या संज्ञेची आज अशीच अवस्था झाली आहे. वातावरणाचे तापमान वाढू नये म्हणून वनस्पतिजन्य अन्नाकडे वळावे, असा उपदेश गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांकडून होत आहे. या उपदेशाची सीमारेषा आणि आपल्या भाषेतील ‘शाकाहार’ या शब्दाची सीमारेषा एकच आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दांचाच विचार करू. संस्कृतात ‘आमिष’ म्हणजे मांस. त्यावरून ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ ही विशेषणे सिद्ध झाली. मराठीत मात्र ‘आमिष’ या शब्दास प्रलोभन हाच अर्थ उरला असून मूळ अर्थ केवळ या दोन सामासिक रूपांत टिकून आहे. लोकभाषेतील शब्द निराळे आहेत. मांसमासळीच्या जेवणाला ‘वशट’ म्हणतात. तुळशीची माळ घालून मांस-मद्य सोडणारा तो ‘माळकरी’. कोकणात व गोव्यात मांसमत्स्यरहित जेवणाला ‘शिवराक’ म्हणतात आणि या शब्दाचा संबंध जैन ‘श्रावका’शी जोडला जातो. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. रेषा ओढली जाते ती प्राण्याचा वध आणि अवध यांच्यामध्ये. दूध, दही, तूप ही रेषेच्या अलीकडे राहतात, मासळी पलीकडे जाते. अहिंसा, व्रत आणि शुचिता या कल्पनांतून उत्पन्न झालेल्या शब्दांच्या बाबतीत हे स्वाभाविकच होय.

युरोपात हा विचार आणखी एका वाटेने गेला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सॉक्रेटीस असे दाखवितो की, साध्या अन्नावर संतुष्ट असलेल्या नगरात चैन शिरली आणि लोक मांस मागू लागले, की गुरांसाठी अधिक कुरणे लागतात. मग शेजाऱ्याची भूमी हवीशी वाटते आणि त्यातून युद्ध उद्भवते. येथे प्रश्न प्राणिदयेचा नाही, भूमीचा आहे. १८१३ साली इंग्रज कवी शेली याने मांसवर्जनाच्या समर्थनार्थ जो निबंध लिहिला, त्यातही एका बैलाला पुष्ट करण्यासाठी खर्ची पडणाऱ्या वनस्पतीवर थेट माणसेच जगविली तर दसपट पोषण होईल, असा युक्तिवाद आला आहे. तोवर या आहाराला इंग्रजीत पायथागोरसच्या नावाने ओळखले जाई. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द १८४२ च्या सुमारास वापरात आला आणि १८४७ साली रॅम्सगेट येथे स्थापन झालेल्या संस्थेने तो रूढ केला.

या संस्थेच्या परंपरेशी भारताचा संबंध गांधीजींमुळे आला. लंडनमध्ये शिकत असता हेन्री सॉल्टचे पुस्तक वाचून ते विचारपूर्वक मांसत्यागी झाले. पुढे दूधही सोडावे असे त्यांना वाटले व त्यांनी तसे व्रत घेतले. परंतु १९१८ मधील गंभीर आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले, कारण व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस यांचेच दूध होते. व्रताचा शब्द पाळला, भाव राहिला नाही, हे शल्य त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. दूध कोणत्या बाजूचे, हा प्रश्न इंग्लंडातही उपस्थित झाला. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्याचे सहकारी यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचा आदि आणि अंत जोडून ‘व्हीगन’ हा शब्द बनविला. त्यात दूध व अंडी वर्ज्य ठरली. तथापि हेही कारण नैतिकच होते. हवेचा विचार त्यात नव्हता.

वस्तुतः हवेसंबंधीचे ज्ञान त्यापूर्वीच जमू लागले होते. दलदलीतून निघणारा ज्वलनशील वायू, म्हणजे मिथेन, व्होल्टा याने १७७६ साली गोळा केला. हा वायू उष्णता शोषतो हे जॉन टिंडल याच्या १८५९ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजंतू चाऱ्याचे विघटन करतात तेव्हा मिथेन निर्माण होतो व तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मुदतीत मोजले असता त्याची उष्णता धरण्याची शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट भरते. शिवाय कुरणे व चाऱ्याची पिके यांसाठी अरण्ये तोडली जातात, ते वेगळेच.

आहार आणि हवामान यांची सांगड मात्र अलीकडे पडली. फ्रान्सिस मूर लापे यांचे १९७१ मधील पुस्तक अद्याप धान्य आणि भूमी यांच्याच अपव्ययाविषयी बोलत होते. २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पशुपालनाचा जागतिक उत्सर्जनातील वाटा १८ टक्के ठरविला. पुढे गणनापद्धती बदलून तो २०१३ मध्ये १४.५ आणि २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के सांगितला गेला. २००८ साली आंतरराष्ट्रीय हवामानबदल मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी आठवड्यातून एक दिवस मांस टाळावे असे लंडन येथील व्याख्यानात सुचविले. २०१८ साली पूर and नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम प्रथिनांमागे मांसासाठी पाळलेल्या गुरांचे सरासरी उत्सर्जन ५० किलोग्रॅमच्या आसपास येते, चीजचे सुमारे ११, कोंबडीचे सुमारे ६, आणि वाटाण्याचे अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी.

या आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. चीज हा वधरहित पदार्थ, तरी त्याचा भार कोंबडीहून अधिक ठरतो. याचा अर्थ असा की, हवामानाच्या हिशेबात मुख्य रेषा वध आणि अवध यांच्यामध्ये पडत नाही; एकीकडे रवंथ करणारी जनावरे आणि दुसरीकडे इतर प्राणी व वनस्पती, अशी ती पडते. तुपाचे पक्वान्न ‘शाकाहारी’ असते, पण ते या हिशेबातून सुटत नाही. पाणी साचलेल्या भातखाचरांतूनही मिथेन निघतो, म्हणजे निव्वळ वनस्पतिजन्य अन्नही सर्वस्वी निर्दोष नाही. डाळी व कडधान्ये मात्र या कसोटीवर उत्तम उतरतात. म्हणूनच इंग्रजी लेखनात नैतिक अर्थाचा जुना शब्द मागे पडून ‘वनस्पत्याधारित’ अशा अर्थाचे वर्णनपर विशेषण पुढे आले आहे.

हा भेद भारतात विशेष महत्त्वाचा ठरतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-म्हशींच्या वर्गातील जनावरे ३० कोटींहून अधिक आहेत आणि दुग्धोत्पादनात भारताचा क्रम जगात पहिला आहे. ही जनावरे बहुतांशी कडबा, पेंढा आणि पेंड यांवर पोसली जातात. धान्य चारून मांसासाठी गुरे पुष्ट करणाऱ्या देशांचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. लहान शेतकऱ्याच्या घरी दुभते जनावर हेच रोख उत्पन्नाचे साधन असते, हेही विसरता कामा नये. तरीही हे उत्सर्जन वास्तव आहे आणि ‘आम्ही शाकाहारी, यास्तव आमचा प्रश्न सुटला’ हे समाधान त्यामुळे टिकत नाही.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. आपल्याकडे आहाराचे शब्द केवळ अन्न सांगत नाहीत, ते माणसाची पायरीही सांगतात. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध गोमांसभक्षणाशी जोडला, तो या वस्तुस्थितीच्या मुळाशी जाण्यासाठीच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्यू संस्थेच्या पाहणीत ३९ टक्के भारतीय प्रौढांनी स्वतःस शाकाहारी म्हटले. म्हणजे बहुसंख्य भारतीय स्वतःला तसे म्हणवीत नाहीत. हवामानाचा युक्तिवाद जर ‘शाकाहार’ या जुन्या शब्दातून मांडला, तर मोजमापाच्या शास्त्रास शुचितेचा रंग चढेल आणि कोंबडी किंवा तारली खाणाऱ्या गरिबावर असा दोष येईल, जो हिशेबाने त्याचा नाहीच.

तात्पर्य, अहिंसेचा युक्तिवाद आणि हवेचा युक्तिवाद हे दोन्ही आपापल्या जागी आदरणीय असले, तरी ते एक नव्हेत. पहिला प्राण्याच्या जीविताविषयी आहे, दुसरा येणाऱ्या पिढ्यांच्या जीविताविषयी. दुसऱ्यासाठी मराठीत ‘वनस्पतिप्रधान आहार’ अशी साधी, प्रमाण दर्शविणारी आणि कोणाच्याही पंक्तीचा उल्लेख न करणारी संज्ञा योजणे अधिक युक्त होईल. तीत अल्पाधिक्याला वाव आहे. आणि हवामानाच्या बाबतीत प्रश्न खरोखर अल्पाधिक्याचाच आहे.