चापाचे वजन

मराठी कादंबऱ्यांत बंदूक उडते तेव्हा कधी ‘घोडा दाबला’ जातो, तर कधी ‘चाप ओढला’ जातो, आणि वाचक दोहोंचा अर्थ एकच घेतो. वस्तुतः घोडा वेगळा आणि चाप वेगळा. घोडा आघात करतो. चाप बोटाखाली असतो. या दोघांच्या मध्ये, दस्त्याच्या लाकडात दडलेली, एक लहानशी पोलादी खिटी असते. ताणलेली कमान घोड्याला पुढे ढकलत असते आणि घोड्याच्या बुडाशी कोरलेल्या खाचेत रुतलेले खिटीचे टोक त्याला धरून ठेवते. चाप ओढून आपण फक्त ही खिटी खाचेतून सोडवतो, पुढचे सारे कमान करते. शिकारीच्या बंदुकीचा चाप किती जड असावा, हा वाद मुळात या खिटीचा आहे.

वाद वरवर किरकोळ वाटतो. पण शिकारीची इंग्लिश दुनळी साधारण साडेसहा पौंडांची, म्हणजे तीन किलोच्या आसपास भरते. तिचा चापही सहा-सात पौंडांचा जोर मागू लागला तर बोटाबरोबर बंदूकच हलते. स्थिर लक्ष्यावर रायफल रोखणाऱ्याला दाब सावकाश वाढवता येतो. उडत्या तितरावर छर्‍यांचा बार टाकणाऱ्याला ती सवड नसते. नळी पक्ष्याच्या पुढे फिरवत न्यायची आणि ती न थांबवता बार काढायचा, एवढे त्याचे सारे कौशल्य. जड चाप नेमकी ही फिरती गती अडवतो. हात क्षणभर थबकतो, छर्रे मागे पडतात आणि पक्षी जखमी होऊन झुडपात शिरतो. उलट चाप फार हलका असला तर कुंपण ओलांडताना, ठेच लागताना बार उडतो, आणि पुढे चालणारा माणूस आपला सोबती असतो.

(आम्ही शिकारीचे कैवारी नव्हेत, हे सांगून टाकलेले बरे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या त्याच्या दुरुस्तीने हा शौक जवळजवळ संपवला, याची आम्हांला खंत नाही. पण एखाद्या वस्तूचा इतिहास वाचायला तिचे भक्त असावे लागत नाही.)

चापाची चिंता सैन्याला फारशी नव्हती. रांगेत उभे राहून एकदम बार काढणाऱ्या शिपायाच्या बंदुकीचा चाप जड असला तरी चालत असे, किंबहुना तेच सोयीचे होते. नाजूकपणाची मागणी आली ती शिकारी जमीनदारांकडून, आणि ती पुरवणाऱ्यांत पहिले मोठे नाव लंडनच्या जोसेफ मॅंटनचे. मॅंटनच्या काळची दुनळी तोंडाकडून ठासावी लागे. एक नळी उडाली की शिकारी ती पुन्हा भरू लागे, आणि दुसरी भरलेली नळी, अनेकदा घोडा चढवलेल्या स्थितीत, त्याच्या तोंडासमोर व हाताखाली असे. अशा वेळी खिटी निसटली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. मॅंटनने १८१२ साली यावर एक युक्ती काढली: बंदूक उभी धरताच एक लहान वजन आपल्या भाराने फिरून कळ अडवून ठेवी. ज्या कारागिराची बंदूक हलक्या, नेमक्या कळीसाठी वाखाणली गेली, त्याच कारागिराला ती कळ आपण होऊन सुटू नये म्हणून वेगळी अडसर बसवावी लागली. मॅंटन पुढे १८२६ साली दिवाळखोर झाला. त्याच्याकडे काम केलेला जेम्स पर्डी मात्र नावारूपाला आला.

चाप हलका कसा करायचा? सर्वांत सोपा उपाय सर्वांत वाईट. मुख्य कमान मऊ केली तर खिटीवरचा भार कमी होतो खरा, पण घोड्याचा आघातही दुबळा होतो आणि ऐन वेळी बार फुसका जातो. खरे काम खाच आणि खिटी यांच्या भेटीत असते: खाच किती खोल, तिचा कोन किती, दोन पृष्ठभाग किती गुळगुळीत. खाच आत झुकलेली असेल तर खिटी सोडवताना घोडा किंचित मागे ढकलावा लागतो, म्हणून चाप जड लागतो. ती बाहेर झुकलेली असेल तर चाप लोण्यासारखा सुटतो, आणि धक्क्यानेही सुटतो. हे काम करणारे हात लंडनच्या झगमगत्या दुकानांत क्वचितच असत. डार्लस्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टन या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कळी घासणारे कारागीर होते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझिअरच्या कळी तर नामांकित दुकानेही घेत. बंदुकीवर नाव मात्र दुकानाचे कोरले जाई.

गंमत अशी, की नळीची कसोटी इंग्लंडात कायद्याने होत असे. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ साली संसदेच्या कायद्याने उभे राहिले आणि जादा दारू भरून नळी तावून-सुलाखून घेणे बंधनकारक झाले. नळी फुटून धन्याचा हात जाऊ नये याची काळजी राज्याने घेतली. चाप निसटून शेजाऱ्याचा जीव जाऊ नये, ही काळजी कारागिराच्या कानशीवर सोपवलेली राहिली.

कारागिरांनी हळूहळू एक परिपाठ ठरवला. दोन चापांपैकी पुढचा साडेतीन ते चार पौंडांचा, मागचा त्याहून थोडा जड. कारण पहिल्या नळीच्या धक्क्याने दुसरी खिटी सुटण्याचे भय असते. चांगल्या बंदुकांत याखेरीज एक दुसरी, राखणदार खिटी असे. बोट चापावर नसताना घोडा निसटला, तर ती त्याला वाटेतच अडवी.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत मनोवेधक वाटते ते एकचापी बंदुकीचे प्रकरण. दोन नळ्यांना एकच चाप असावा, पहिल्यांदा ओढला की उजवी, पुन्हा ओढला की डावी, ही कल्पना साधी. पण अशा बंदुकांचे दोन्ही बार जणू एकदम उडत. शिकारी शपथेवर सांगत, आम्ही चाप एकदाच ओढला. ते खोटे बोलत नव्हते. बंदूक धक्क्याने मागे जाते तेव्हा चाप बोटापासून सुटतो, आणि ती खांद्यावरून पुन्हा पुढे येते तेव्हा बोट त्यावर नकळत दुसऱ्यांदा दाबले जाते. बॉस आणि कंपनीच्या जॉन रॉबर्टसनने १८९४ साली हे मान्य करून यंत्र रचले. त्यात ओढी तीन: पहिलीने एक बार, दुसरी, म्हणजे ती अजाणता होणारी, वाया घालवायची, आणि तिसरीने दुसरा बार. माणसाच्या बोटाला न कळणारी हालचाल आधीच हिशेबात धरणारे हे यंत्र. शिकाऱ्याला मधली ओढ जाणवतही नसे.

विसाव्या शतकात बंदूक कारखान्यात गेली आणि कानशीवाला कारागीर मागे पडला. तरी चाप पुन्हा जड होण्याचे मोठे कारण कारखान्याबाहेर, न्यायालयात होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली एका घरगुती सुतारयंत्राच्या खटल्यात ठरवले, की सदोष वस्तूने इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही उत्पादक जबाबदार. हे तत्त्व अमेरिकाभर पसरले. १९७२ च्या अमेरिकन ग्राहकवस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळल्या गेल्या, म्हणजे चापाचे वजन ठरवणारी सरकारी यंत्रणा नव्हतीच. उरले ते नुकसानभरपाईचे दावे. उत्पादकांनी सावध मार्ग धरला. तिथे अशा जड चापाला उपहासाने ‘वकिलांचा चाप’ म्हणतात. उपहास समजण्याजोगा आहे, पण आम्हांला तो पुरता पटत नाही. ज्या बंदुकीचा धनी कोण, अनाडी की जाणता, हे कारखान्याला ठाऊक नसते, तिची खिटी त्याने कोणाच्या बोटाला धरून बेतावी?

मग धनी स्वतःच कानस हाती घेतो, आणि धोका इथे सुरू होतो. खाच आणि खिटी यांचे पोलाद पुष्कळदा फक्त वरच्या पातळ थरात कठीण केलेले असते. आतला गाभा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे तुकडा धक्क्याने तुटत नाही. तो थर घासला गेला तर चाप पहिल्या हंगामात सुरेख चालतो. मऊ धातू मात्र झिजत राहतो, खाचेचा कोन बदलतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच जाणता कारागीर चाप हलका केल्यावर तेवढ्यावर काम संपवत नाही. तो रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवतो आणि दस्त्याचे बूड चारदोन वेळा आपटून पाहतो. घोडा पडला, तर खिटी नवी.