काठेवाडचा मुलूख

कच्छ आणि खंबायत या दोन आखातांच्या मधोमध अरबी समुद्रात शिरलेल्या ज्या द्वीपकल्पाला संस्कृत ग्रंथ सुराष्ट्र म्हणतात, त्याला काठी लोकांवरून काठेवाड हे नाव पडले, आणि ते सबंध प्रांतास चिकटविण्याचे श्रेय, किंवा दोष म्हणा, बहुधा आमच्या मराठी फौजांकडेच जाते. भूमी मात्र परकी नव्हे. दख्खनचाच काळा कातळ तेथेही पसरलेला असून त्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो. परंतु मध्यभागीच्या उंचवट्यावरून भादर पश्चिमेस व शेत्रुंजी पूर्वेस धावून लवकरच समुद्रास मिळत असल्यामुळे पाणी अडविल्यावाचून कुणब्याचा निभाव लागत नाही. गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळी बांधलेला सुदर्शन तलाव वादळात फुटला, तेव्हा महाक्षत्रप रुद्रदामनाने प्रजेवर कर वा वेठ न लादता स्वतःच्या खजिन्यातून तो पुन्हा बांधविला, असे इ. स. 150 च्या सुमाराचा शिलालेख सांगतो. शिलालेख खुद्द राजाचाच आहे, हे विसरू नये!

पुढे याच मुलखात गायकवाडांची फौज मुलूखगिरीस येई, आणि खंडणीचा फैसला होईपर्यंत उभ्या पिकांचे प्राण कंठाशी येत. 1807 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरने संस्थानिकांशी करार करून खंडणीची रक्कम कायम केली, तेव्हा हा दंडक मोडला. 1948 मध्ये दोनशेंहून अधिक संस्थाने व जहागिरी मिळून सौराष्ट्र राज्य झाले. 1956 ते 1960 पर्यंत ते आपल्याच मुंबई राज्यात होते.