सर्जरी घेतली तर संसार होत नाही?

नीट-पीजीचा निकाल लागला की नागपुरात मेडिकल चौकापासून धंतोलीपर्यंत डॉक्टरांच्या घरांत एकच विषय असतो: ब्रँच कोणती? मुलीचा क्रमांक चांगला असेल आणि तिला जनरल सर्जरी हवी असेल, तर आईवडील, सीनियर, ओळखीचे डॉक्टर सगळे तिला एका सुरात समजावतात. सर्जरीत दिवसरात्र नसते, लग्न जमायला अडचण येते, मुलं झाली तर बघायचं कोणी? त्यापेक्षा त्वचारोग घे, रेडिओलॉजी घे, नाहीच तर गायनॅक घे. हल्ली मुलग्यांनाही हा सल्ला मिळू लागला आहे. देणारे हितचिंतक असतात, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. एमएसची तीन वर्षं, पुढे एमसीएच करायचं तर आणखी तीन. स्त्रीच्या आयुष्यात मूल होण्याची जी वर्षं, नेमकी तीच ही. अमेरिकेतल्या 692 स्त्री सर्जनांची पाहणी 2021 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 42 टक्के स्त्रियांचा कधी ना कधी गर्भपात झाला होता किंवा गर्भ दगावला होता, आणि हे प्रमाण त्या वयाच्या इतर स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होतं. हे आकडे बाजूला सारून 'जिद्द असली की सगळं जमतं' असं मुलींना सांगणं मला बेजबाबदार वाटतं. त्रास खराच आहे. वाद आहे तो त्याच्या कारणाविषयी.

या त्रासाचं कारण सर्जरी हे शास्त्रच असेल, तर गायनॅकला तीच हरकत का घेतली जात नाही? प्रसूती पहाटे तीनला होते. रक्तस्राव सुरू झाला, बाळाचे ठोके मंदावले, तर सिझेरियन त्याच क्षणी करावं लागतं, आणि सिझेरियन ही पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच आहे. रात्रीच्या कॉलच्या बाबतीत ही शाखा सर्जरीला हार जाणारी नाही. तरी तीच 'मुलींसाठी बरी' मानली जाते. भूलतज्ज्ञाचंही तसंच. फुटलेल्या अपेंडिक्ससाठी सर्जन मध्यरात्री उठतो तेव्हा भूल देणारी डॉक्टरही उठते आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबते. तिच्या संसाराची काळजी शाखा निवडताना कुणी केलेली नसते. म्हणजे हरकत रात्रीला नव्हे, बाईने सर्जन म्हणून टेबलाशी उभं राहण्याला आहे. संसाराचं कारण तिला मागाहून जोडलेलं आहे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा इतिहासच इथे साक्षीला येतो. प्रकाश आमटे तिथलं सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून हेमलकशाला गेले. त्यांच्या पत्नी मंदाकिनीताई भूलशास्त्र शिकलेल्या. 1973 च्या डिसेंबरात तिथे काम सुरू झालं, तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता. रात्री-बेरात्री येणारे रुग्ण दोघांनी मिळून पाहिले आणि मुलंही तिथेच वाढवली. राणी बंग नागपुरात शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या आणि 1986 पासून गडचिरोलीत शस्त्रक्रिया, संशोधन आणि दोन मुलांचा संसार यांसह उभ्या आहेत. असामान्य माणसांच्या उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या जगण्यातली एक साधी गोष्ट असामान्य नाही: घर आणि दवाखाना एकमेकांपासून दूर नव्हते, आणि नवरा-बायको दोघांचं काम एकच होतं. खाली नर्सिंग होम आणि वर घर बांधून राहणारी कितीतरी डॉक्टर जोडपी महाराष्ट्रात गावोगावी हेच करत आली आहेत. रात्री तितक्याच होत्या, मांडणी वेगळी होती.

आता वर दिलेल्या पाहणीकडे पुन्हा वळू. तिच्यात आणखी एक निष्कर्ष आहे, जो सल्ला देणारे सांगत नाहीत. शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा किंवा अधिक तास शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रियांत गरोदरपणातल्या गंभीर गुंतागुंती जास्त आढळल्या. म्हणजे धोका तासांशी बांधलेला आहे, आणि तास ड्युटीची यादी लावणारा माणूस ठरवतो. आपल्याकडे 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपलीकडे नसावी, असं लिहिलेलं आहे. 2023 च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी तास' आणि साप्ताहिक सुटी आहे. 2024 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. साप्ताहिक सुटी धरून हिशेब केला, तर तीस वर्षांनी सुचवलेला आकडा तीस वर्षांपूर्वीच्या नियमाहून सैल आहे, याचा मला मनापासून राग येतो. प्रत्यक्षात सलग छत्तीस तास उभे राहिलेले जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात भेटतात. हा दोष व्यवस्थेचा. त्याची शिक्षा मात्र मुलीच्या पसंतीक्रमाला होते.

आणि नुकसान तिचं एकटीचं नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एक लाखाहून अधिक रुग्णांची तुलना 2017 साली प्रसिद्ध झाली. स्त्री सर्जनांच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतले मृत्यू किंचित कमी होते. फरक लहान आहे, त्यावरून कुणाला श्रेष्ठ ठरवू नये. पण 'सर्जरी हे बायकांचं काम नाही' या म्हणण्याला आधार उरत नाही, एवढं त्यावरून निश्चित म्हणता येतं. शिवाय आपल्या भागात स्तनातली गाठ पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटते म्हणून महिनोन्‌महिने लपवणाऱ्या बाया आहेत. त्यांना स्त्री सर्जन हवी आहे.

रेडिओलॉजी किंवा त्वचारोग ज्यांना मनापासून आवडतं, त्यांनी ते जरूर घ्यावं. माझं भांडण भीतीपोटी केलेल्या निवडीशी आहे. सर्जरी हवी असणाऱ्या मुलीने पसंतीक्रम भरण्याआधी त्या-त्या कॉलेजच्या विवाहित जेआर-थ्रींना (तिसऱ्या वर्षाच्या निवासींना) गाठावं आणि कोणत्या युनिटमध्ये संध्याकाळी रुग्ण पुढच्या टीमकडे सोपवले जातात, कुठे गरोदर निवासीला रात्रपाळीतून सूट मिळते, हे थेट विचारावं. उत्तरं युनिटगणिक बदलतात. होणाऱ्या नवऱ्यालाही एक प्रश्न विचारावा: माझ्या कॉलच्या रात्री बाळाजवळ तू असशील का? सर्जन मुलाच्या होणाऱ्या बायकोकडून ही तयारी आपण न विचारताच गृहीत धरत आलो आहोत.

संस्थांचीही जबाबदारी आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावं, असं 2017 सालीच सुधारित मातृत्व लाभ कायद्याने सांगितलं. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स अशा तीन सरकारी संस्था सर्जन घडवतात. तिथल्या प्रमुखांना माझी विनंती आहे: निवासी डॉक्टरांच्या ड्युटीचे तास दर महिन्याला फलकावर जाहीर करा, आणि रात्रीही उघडं राहणारं पाळणाघर वॉर्डाजवळ चालवा. आणि पालकहो, मुलीचा फॉर्म तिला भरू द्या.