उंबरठ्याआडचे दुखणे

म्हातारपणी गुडघे, कंबर, पाऊल यांपैकी काहीतरी दुखायचेच, अशी आपली पक्की समजूत असते. ती म्हाताऱ्या माणसांचीही असते, आणि म्हणूनच या दुखण्याचा इतिहास हाती लागणे अवघड. जे कोणी सांगतच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वृद्धांच्या आजारांविषयी वैद्यकाला जे ठाऊक होते, ते मुख्यतः रुग्णालयातल्या खाटांवरून. खाटेपर्यंत न पोहोचलेला माणूस जणू निरोगीच.

ही चौकट मोडणाऱ्यांत इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या कारखानदारीच्या शहरातले डॉ. जे. एच. शेल्डन हे एक. दुसरे महायुद्ध संपता संपता त्यांनी घरी राहणाऱ्या वृद्धांची पाहणी हाती घेतली. पण माणसे निवडायची कशी? दवाखान्यातली यादी घेतली तर आजारीच माणसे येणार. ओळखीतली घेतली तर आपल्यासारखीच. युद्धामुळे तिथे अन्नधान्य रेशनवर होते. गरीब असो की श्रीमंत, अंथरुणाला खिळलेला असो की धडधाकट, रेशनच्या नोंदीत नाव असायचेच. शेल्डन यांनी त्या नोंदींमधून नमुना काढला आणि त्या घरांची दारे ठोठावली. (वर्गात नमुना-निवड शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.) १९४८ साली त्यांचे पुस्तक आले. बहुतेक वृद्ध हिंडतेफिरते होते, पण पावलांची दुखणी, घेरी, पडणे यांनी त्यांचे हिंडणे आक्रसत चालले होते. आणि त्यांचे करणाऱ्या घरातल्या बायका थकून गेल्या होत्या.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार मोफत झाले, प्रत्येकाला आपला ठरलेला डॉक्टर मिळाला. आता तरी दुखणी बाहेर येतील, अशी अपेक्षा होती. १९६४ साली जेम्स विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरा भागातील पासष्टी ओलांडलेल्या २०० जणांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात आढळलेल्या व्याधींपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हत्या! हृदयाचे, फुप्फुसाचे विकार बहुधा ठाऊक असत. सांधे, पावले, लघवीच्या तक्रारी, मनाची उदासी हे मात्र कळलेले नसे. म्हणजे अडचण केवळ पैशाची नव्हती. ‘वयच झाले, चालायचेच’ असे म्हणून रुग्ण गप्प, आणि रुग्ण बोलत नाही म्हणून डॉक्टरही गप्प.

मग न विचारता, यंत्राने मोजता येणार नाही का? केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली सांध्यांची झीज क्ष-किरण चित्रावरून शून्य ते चार अशा श्रेणींत मोजण्याची पद्धत दिली. ती आजही वापरात आहे. पण लोकसंख्येच्या पाहण्यांत चित्र आणि तक्रार यांचा मेळ जेमतेमच बसला. चित्रात गुडघा पुरता झिजलेला, तरी कुरकुर नाही. आणि चित्र जवळपास स्वच्छ, तरी रात्रभर झोप नाही. असे का होते, याची उत्तरे मज्जासंस्थेत शोधली जाऊ लागली, तो विषय मोठा आहे. इथे एवढेच पुरे की, वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना वेदना सांगणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा, असे स्पष्ट नोंदवले. आणि बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते, हेही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या दृष्टीने हे दुसरे वाक्य फार मोलाचे आहे.

घरोघर जाऊन विचारण्याची ही रीत आपल्याकडेही आली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी पाहणी केली. ती केवळ वृद्धांची नव्हती, सर्व प्रौढांची होती. ४,०९२ जणांना विचारले गेले. त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरांना, हाडे, सांधे किंवा स्नायूंचा त्रास होता. दुखते का, कुठे दुखते, कोणती कामे अडतात, हे आधी घरी विचारायचे. ज्यांचे दुखते त्यांना मग डॉक्टरांनी तपासायचे. क्ष-किरण चित्र त्याच्याही नंतर, आणि गरज असेल तरच.