कळ, कात्री आणि गोळी

पनवेलहून नेऱ्याला जाणारा रस्ता पुढे माथेरानच्या पायथ्याशी, धोदाणीला संपतो. हा ठाकूर-कातकरी वाड्यांचा भाग. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल अंगावर असताना पाळीत पोट दुखतंय म्हणून बसणार कोण?

या कळेची एक जुनी आणि नेमकी नोंद चरकसंहितेत आहे. तिथे या दुखण्याचं नाव ‘उदावर्तिनी’: वायू उलटा फिरतो, रक्त कष्टाने सुटतं आणि सुटलं की बाईला लगेच बरं वाटतं. वायूचं कारण बाजूला ठेवा. पण ‘सुटलं की बरं वाटतं’ हे लिहिणाऱ्याने कुणा बाईचं नीट ऐकलं असणार.

पुढच्या सगळ्याच वैद्यांनी तेवढं ऐकलं नाही. 1872 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात रॉबर्ट बॅटी या डॉक्टरने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून स्त्रीची बीजांडंच काढून टाकली. हे ऑपरेशन युरोप-अमेरिकेत बरंच चाललं. धडधाकट बीजांडं गेली, काही बायका जिवानिशी गेल्या.

खरं कारण सापडायला 1957 उजाडलं. इंग्लंडमध्ये पिकल्स या शास्त्रज्ञाला पाळीच्या रक्तात स्नायू आवळणारा पदार्थ सापडला. आज आपण त्याला प्रोस्टाग्लँडिन म्हणतो. तो जास्त झाला की गर्भाशय इतकं आवळतं की त्याच्याच स्नायूंना रक्त कमी पडतं. पायात गोळा येतो ना, तसंच काहीसं. मळमळ, जुलाब यांमागेही तोच. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं हा पदार्थ तयारच होऊ देत नाहीत. म्हणून मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन कळ सुरू होतानाच, काही खाऊन घ्यायचं. असह्य होईपर्यंत थांबलात तर पदार्थ आधीच तयार झालेला असतो. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेकानेही आराम पडतो. आणि कळ वर्षागणिक वाढत असेल, गोळीला दाद देत नसेल, तर एंडोमेट्रिऑसिससारखा आजार असू शकतो. ‘लग्न झालं की थांबेल’ हा त्यावरचा इलाज नव्हे.

एवढं कळल्यावर कात्री थांबायला हवी होती. पण 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं. अनेकींची चाळिशीही झाली नव्हती. पोटदुखी, अंगावरून जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्यांना कॅन्सरची भीती घातली गेली. त्यात उसाच्या फडातला हिशेब: नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि एक खाडा झाला की मुकादम उचलीतून दंड कापणार. ऑपरेशनसाठी काढलेलं कर्ज फेडायला त्याच बायका पुढच्या हंगामात, कंबर धरून, पुन्हा फडात उतरल्या.