कुंडीवरचा पाहुणा

पाळीव प्राण्यांचा इतिहास लिहायला कोणी बसले, तर तो कुत्र्यापासून आरंभ करील आणि पोपटापाशी लेखणी ठेवील. किड्याला त्यात जागा मिळणे कठीण. तरीही गेली काही वर्षे डोंबिवलीच्या आमच्या घरात, मनीप्लँटच्या वेलावर आणि कढीलिंबाच्या कुंडीत, खंडोबाचे किडे सुखाने नांदत आहेत. पुस्तकात यालाच प्रार्थना कीटक म्हणतात. त्रिकोणी डोके, लांब मान, आणि पुढचे दोन पाय जोडून भक्तासारखे उभे राहणे, ही त्याची ओळख. आमच्याकडे त्याला पिंजरा नाही की बरणी नाही. शेजारीपाजारी विचारतात, "अहो, हे घरात कशाला?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी इतिहासात शिरलो. माणसाने हा जीव चार तऱ्हांनी ठेवलेला मला दिसला : नावात, टाचणीवर, पिंजऱ्यात आणि मोकळा. गंमत अशी की, जसा ठेवला तसाच तो माणसाला दिसला.

नावांपासून सुरुवात करू. ग्रीकांनी याला 'मँटिस', म्हणजे भविष्य सांगणारा द्रष्टा म्हटले. फ्रान्सच्या दक्षिणेतले शेतकरी त्याला देवाची प्रार्थना करणारा म्हणत. 1758 मध्ये लिनीअसने युरोपातल्या जातीला 'धार्मिक' असेच विशेषण लावले. चिनी लोकांनी मात्र धावत्या रथापुढे पाय उगारून उभा राहणारा वेडा वीर त्याच्यात पाहिला. 1838 मध्ये बुर्माइस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने आशियातल्या मोठ्या हिरव्या किड्यांच्या एका वंशाला 'हायरोड्यूला' असे नाव दिले. त्याचा अर्थ देवळाची दासी! आपल्याकडे नाव खंडोबाचे, आणि खंडोबाला मुरळ्या वाहण्याची चाल तर आपल्याला ठाऊकच आहे. दोन्ही नावांचा एकमेकांशी संबंध नाही. पण योग मनाला चटका लावणारा आहे. खऱ्याखुऱ्या मुलींना या दास्यातून सोडवण्यासाठी मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षण कायदा करावा लागला. किड्याला मात्र दास्याची कल्पनाही नाही. ते जोडलेले हात म्हणजे काटेरी कडांचे मिटलेले चाकू आहेत, आणि ते सावजासाठी आहेत. भक्ती आपली, भूक त्याची.

पुढे आली टाचणी. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये वुड-मेसन या विद्वानाने या किड्यांची यादी तयार केली. तिचा पहिला भाग 1889 मध्ये निघाला. मुंबईत त्याआधीच, 1883 च्या सप्टेंबरात, आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली होती. त्यांत दोघे आपले डॉक्टर होते : सखाराम अर्जुन आणि आत्माराम पांडुरंग. आत्माराम पांडुरंग हे 1867 च्या प्रार्थना समाजाचेही संस्थापक. टाचणीने ज्ञान वाढवले, यात शंका नाही. जात कोणती, नसा किती, पंख कसे, हे सारे तिच्यामुळे कळले. पण टाचणीवरचा जीव मान वळवून आपल्याकडे पाहत नाही.

त्याच आठांतला एक एडवर्ड एटकेन. जन्म 1851 चा, आपल्या साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मीठ खात्यात, टोपणनाव 'एहा'. 1883 मध्येच त्याचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आले. त्याची सरहद्द खैबर खिंडीत नव्हती, आपल्या बंगल्याच्या उंबऱ्यावर होती. आणि तिथल्या टोळ्या म्हणजे उंदीर, पाली, मुंग्या, बेडूक, कावळे. साहेबी थट्टेच्या खाली त्याने एक मोठी गोष्ट सांगून ठेवली : घर आपले एकट्याचे नसते. मोकळे पाहण्याचा धडा मी त्याच्याकडूनच घेतला.

तिसरी तऱ्हा पिंजऱ्याची. तिचा आचार्य फ्रान्सचा फाब्र. सेरिन्याँ गावी जाळीच्या घुमटाखाली, वाळूच्या कुंडीत, त्याने माद्या पाळल्या. त्यांच्यासाठी टोळ धरून आणायला गावातली पोरे पाव आणि खरबुजाच्या फोडींवर राबत. मीलनानंतर मादी नराला खाते, हे त्याने 1897 मध्ये इतके रंगवून लिहिले की बिचारी जगभर नवरा खाणारी म्हणून बदनाम झाली. पुढे 1980 च्या दशकात काही संशोधकांनी पोटभर खाऊ घातलेली जोडपी, जवळ न थांबता, कॅमेऱ्याने पाहिली. नाजूक प्रणयाराधन झाले आणि नर सुखरूप राहिले. रानात नर खाल्ला जातो, हे खरे. पण दरवेळी नव्हे. बदनामीचा काही वाटा भुकेचा होता आणि काही पिंजऱ्याचा.

आता चौथी तऱ्हा. परदेशी हौशी माणसेही घरातल्या झाडांवर हे किडे मोकळे सोडतात. खर्च काहीच नाही. पानांवर सकाळी पाण्याचे तुषार मारावेत, म्हणजे तो थेंब पितो. केळ्याची साल ठेवली की चिलटे जमतात. पिल्लांचे पोट त्यावर भरते. पंखा, पाल आणि मुंग्या यांपासून जपावे. कात टाकताना तो उलटा लोंबकळतो. त्या वेळी खाली मोकळी जागा हवी आणि कोणी हात लावू नये. कात टाकून उतरलेला कोवळा, फिकट जीव पाहताना घरातली मुले श्वास रोखून उभी राहतात. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका आपल्याकडेच रोखलेला वाटतो, पण तो प्रकाशाचा खेळ आहे. दोन्ही डोळ्यांनी मिळून तो अंतराचा अंदाज घेतो, हे 1983 मध्ये सिद्ध झाले. आणि छातीवर असलेल्या त्याच्या एकुलत्या कानाचा शोध 1986 मध्ये जाहीर झाला. वटवाघळाची चाहूल त्याला त्या कानाने लागते.

अडचण एकच. झुरळ याचे जवळचे आप्त. इमारतीत झुरळांसाठी फवारणी होते, तेव्हा औषध भाऊबंदांत भेद करीत नाही. त्या दिवशी आम्ही कुंड्या उचलून मित्राच्या येऊरजवळच्या घरी नेतो. लोक हसतात. हसोत. ठाणे-कल्याणची शेते आणि पाणथळी आमच्या डोळ्यांदेखत इमारतींखाली गेली. त्या जागी जो मूळचा राहत होता, त्याला एका कुंडीएवढी जमीन परत देताना मला तरी औदार्य वाटत नाही, थोडीशी परतफेड वाटते.

त्याचे आयुष्य वर्षभराचेही नसते. मादी फांदीवर फेसाची घडी घालते, ती वाळून कठीण होते, आणि पुढे तीतून पिलांची रांग उतरते. ती घडी आम्ही खालच्या झुडपावर बांधून येतो. दिवाळीत पणत्यांच्या उजेडाशी एखादा हिरवा किडा हात जोडून उभा दिसला, तर वाचकहो, केरसुणी उचलू नका. तो प्रार्थना करीत नसेल. पण त्याला राहू द्यायला त्याने प्रार्थनाच केली पाहिजे असे थोडेच आहे?